तुळजापूरची भवानी निजते कशी?

दसऱ्याचे सोने वाटून झाले, आपट्याची पाने उंबऱ्यापाशी सुकू लागली, की होटगी जंक्शनाच्या फलाटावर कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून एकाच गावाचे नाव कानी पडू लागते. विजापूर-इंडीकडून येणारा लोहमार्ग आणि वाडी-गुलबर्ग्याकडून येणारा लोहमार्ग येथे एकत्र होऊन सोलापूरकडे जात असल्यामुळे, भीमाकाठच्या ज्या भाविकांना आश्विनी पौर्णिमेस तुळजापूर गाठावयाचे असते, त्यांच्यापैकी आगगाडीने येणाऱ्या पुष्कळांची वाट होटगीवरूनच जाते. सोलापुरास उतरल्यावर पुढचे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर कित्येक जण अनवाणी चालतात. आणि जे होटगीच्याच शिवारातून पायी निघतात, त्यांची वाट साठ किलोमीटरांच्या घरात जाते.

या लोंढ्याकडे पाहताना घरातले एखादे चौकस मूल एक प्रश्न हमखास विचारते, आणि वडीलधारी मंडळी तो बहुधा टाळतात. दसऱ्यानंतर देवी निजते, असे आजी सांगते. मग देवी निजलेली असताना एवढी माणसे तिच्याकडे निघतात कशाला? आणि मूळ शंका त्याहूनही खोल आहे: पाषाणाची मूर्ती निजते म्हणजे नेमके काय होते? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती समजली म्हणजे तुळजापूरच्या देवळातील बहुतेक विधींचा उलगडा आपोआप होतो.

अचल देव आणि चल देव

आपल्या देवळांतील मूर्तींचे प्रतिष्ठाशास्त्राने स्थूलमानाने दोन वर्ग केले आहेत. ज्या मूर्तीची एकदा स्थापना झाल्यावर ती पुन्हा जागची हलवावयाची नसते ती अचल. जी हलविता येते आणि विधिपूर्वक हलविली जाते ती चल. अचल मूर्तीचा पाया पीठाच्या खाचेत बसवितात आणि सांध्यात लाख, राळ, मेण अशा आठ द्रव्यांचा कुटून केलेला लगदा, ज्यास अष्टबंध म्हणतात, तो भरतात. तो घट्ट झाला की मूर्ती आणि पीठ जणू एकजीव होतात. अशा देवास उत्सवाच्या दिवशी बाहेर न्यावयाचे तर अडचण येते, म्हणून गाभाऱ्यातील मूळ मूर्ती जागेवर ठेवून तिची प्रतिनिधी अशी एक लहान, बहुधा धातूची उत्सवमूर्ती पालखीत बसवितात. कोल्हापूरची अंबाबाई ललितापंचमीस त्र्यंबोलीच्या भेटीस जाते ती याच रीतीने.

तुळजापुरास ही सोय केलेली नाही. तेथे गाभाऱ्यातील मूळ मूर्तीच, सुमारे तीन फूट उंचीची, काळ्या गंडकी शिळेची, अष्टभुजा महिषासुरमर्दिनी, सिंहासनावरून उचलली जाते, पलंगावर आडवी केली जाते, पालखीत बसते आणि पुन्हा सिंहासनावर येते. भारतातील मोठ्या क्षेत्रांत मूळ मूर्तीच देवळाबाहेर येण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जगन्नाथपुरीचे; तेथेही रथयात्रेपूर्वी देव स्नानाने आजारी पडून पंधरवडाभर दर्शनास मिळत नाहीत. मूर्ती हलू शकते तेथे देवाच्या अंगी मनुष्याचे दैनंदिन व्यवहार अधिक ठसठशीतपणे उतरतात, हा योगायोग खचित नसावा. याउलट आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत विष्णू शयन करतो असे आपण चातुर्मासात म्हणतो खरे, परंतु पंढरीचा विठोबा त्या चारही महिन्यांत विटेवर उभाच असतो. तेथील निद्रा पंचांगात आहे. तुळजापूरची निद्रा डोळ्यांनी दिसते.

चल मूर्तीचा आणखी एक उपयोग असा की, आपत्काळी ती वाचविता येते. १६५९ साली अफजलखान विजापुराहून शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा त्याने तुळजापुरास उपद्रव दिला. बखरकार मूर्ती फोडल्याचे लिहितात, तर पुजाऱ्यांची परंपरा मूर्ती आधीच हलवून लपविली होती असे सांगते. या दोन कथनांत निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण दुसरे कथन संभवनीय वाटावे अशी मूर्तीची घडण आहे, एवढे मात्र म्हणता येते. महाराजांनी पुढे १६६१ साली प्रतापगडावर भवानीची स्वतंत्र स्थापना केली.

वर्षातील तीन निद्रा

तुळजापूरची देवी वर्षातून तीनदा निजते. पहिली निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीस सुरू होते आणि सर्वपित्री अमावास्येपर्यंत चालते; हिला घोर निद्रा म्हणतात. प्रतिपदेच्या पहाटे मूर्ती सिंहासनावर येते आणि त्याच दिवशी घटस्थापना होऊन शारदीय नवरात्रास आरंभ होतो. ही निद्रा पितृपक्षाच्या उत्तरार्धात पडते हे लक्षात घेण्याजोगे आहे; ज्या पंधरवड्यात घरोघर मंगलकार्ये थांबलेली असतात, त्यातच देवीही विश्रांती घेते. महिषासुराशी होणाऱ्या युद्धापूर्वीची ही झोप, अशी तिची श्रद्धेतील उपपत्ती आहे.

दुसरी निद्रा युद्धानंतरची. दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले की श्रमलेली देवी आश्विन शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत निजते. हिचे नाव श्रम निद्रा. तिसरी, मोह निद्रा, पौष महिन्यात शाकंभरी नवरात्राच्या आधी येते.

निद्रेपूर्वी गाद्यांची तयारी होते. कापूस निवडून स्वच्छ करावयाचा, पिंजावयाचा, गाद्या-उशा नव्याने भरावयाच्या, अशी ती सारी गृहस्थी कामे असतात, आणि कापूस निवडावयास आराधी स्त्रिया हौसेने बसतात. मग ठरलेल्या तिथीस सायंकाळची पूजा झाल्यावर मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. त्या दिवसांत दूध, दही, मध, साखर यांचा नित्याचा पंचामृत अभिषेक बंद राहतो; मूर्तीस सुवासिक तेल लावतात. दर्शन मात्र बंद होत नाही. रांगेतून आलेल्या भाविकास नेहमीची उभी अष्टभुजा न दिसता पहुडलेली आई दिसते, एवढाच फरक.

येथे आमचे एक अनुमान नोंदवावेसे वाटते. नित्य अभिषेकाने पाषाणाची झीज होते ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही: दह्यातील आम्लता दगडाच्या पृष्ठभागास हळूहळू खाते आणि साखरेचे कण चोळले गेले म्हणजे घासतात. कोल्हापूरच्या मूर्तीवर या झिजेपायीच २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून संवर्धनाची प्रक्रिया करावी लागली. तुळजापूरच्या तिन्ही निद्रा एकत्र मोजल्या तर वर्षाकाठी सुमारे तीन आठवडे पाषाणास या माऱ्यातून सुटका मिळते आणि वर तेलाचा थर बसतो. ज्यांनी हा रिवाज घातला त्यांच्या मनात हा हेतू होता असे आम्ही म्हणणार नाही. परिणाम मात्र तोच झाला आहे.

चौकट: देवीच्या निद्रा एका दृष्टिक्षेपात

घोर निद्रा: भाद्रपद वद्य अष्टमी ते अमावास्या. त्यानंतर घटस्थापना व शारदीय नवरात्र.
श्रम निद्रा: आश्विन शुद्ध एकादशी ते पौर्णिमा. तिच्या आधी दसऱ्याचे सीमोल्लंघन, अखेरीस आश्विनी पौर्णिमेची यात्रा.
मोह निद्रा: पौष महिन्याच्या आरंभी सुमारे आठ दिवस. त्यानंतर शाकंभरी नवरात्र.
निद्राकाळात दर्शन चालू, पंचामृत अभिषेक बंद.

निद्रेचे दिवस कमीजास्त का होतात

एखाद्या वर्षी घोर निद्रा आठ दिवसांची असते, एखाद्या वर्षी दिवसाचा फेर पडतो, आणि इंग्रजी तारीख तर दरसाल बदलते. याचे कारण असे की, देवळाचा व्यवहार तिथीवर चालतो, आणि तिथी म्हणजे दिवस नव्हे.

देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर एक सासू आणि एक सून एकाच वेळी निघाल्या आहेत अशी कल्पना करा. सून झपझप चालते. सासूची एक प्रदक्षिणा होईतो हिच्या तेरांहून अधिक होतात. सून चंद्र आहे आणि सासू सूर्य. दोघी एकाच ठिकाणी असतात तो क्षण अमावास्येचा. तेथून सून पुढे सरते, आणि दोघींमधील अंतर वर्तुळाच्या तिसाव्या भागाइतके, म्हणजे बारा अंशांनी, वाढले की एक तिथी पुरी होते. सून बरोबर समोरच्या बाजूस पोहोचली की पौर्णिमा. पुन्हा सासूस गाठले की महिना संपला. आता सूनबाईची चाल सर्व ठिकाणी सारखी नसते, कारण चंद्राची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असून पृथ्वीजवळ असताना तो वेगाने आणि दूर असताना मंद गतीने चालतो. म्हणून हे बारा अंशांचे अंतर कधी वीस तासांच्या आतबाहेर तुटते, तर कधी त्यास सव्वीस तासांहून अधिक लागतात. सूर्योदयास जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा नियम असल्यामुळे आखूड तिथी कधी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते, तिचा क्षय होतो. आणि लांबलेली तिथी दोन सूर्योदय पाहते, तिची वृद्धी होते. देवीची झोप एखादा दिवस कमी किंवा अधिक होते ती या गणितामुळे.

एकशे आठ लुगड्यांचे कवच

नवरात्राच्या दिवसांत मूर्तीवर निरनिराळ्या अलंकारपूजा मांडतात: रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. यांतील शेषशाही अलंकार आमच्या विषयाशी विशेष संबद्ध आहे. देवीमाहात्म्याच्या पहिल्याच अध्यायात विष्णू शेषावर निजलेला असतो, मधु आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवावर धावून येतात, आणि ब्रह्मदेव विष्णूस हाक न मारता त्याच्या डोळ्यांवर बसलेल्या योगनिद्रेची स्तुती करतो. ती दूर होते तेव्हा कोठे विष्णू जागा होऊन युद्ध करतो. ती योगनिद्रा म्हणजे हीच देवी. जी स्वतः विश्वाची झोप, तिनेच तीनदा निजावे, ही कल्पना ज्या कोणा पूर्वसूरीस सुचली असेल त्याच्या प्रतिभेस दाद द्यावी तितकी थोडी.

सीमोल्लंघन दसऱ्याच्या रात्र-पहाटेच्या संधीस होते. तेव्हा मूर्तीस एकशे आठ लुगडी गुंडाळतात, पालखीत बसवितात आणि कुंकवाच्या उधळणीत देवळाभोवती मिरवून पिंपळाच्या पारावर टेकवितात. एवढी लुगडी कशासाठी, याचे श्रद्धेचे उत्तर मानाचे आहे. पण त्यामागील पदार्थविज्ञानही पाहण्यासारखे आहे. कोरीव मूर्तीत धोक्याच्या जागा म्हणजे धडापासून सुटलेले बारीक भाग: हात, आयुधे, मुकुटाची कड. धक्का बसला की सारा जोर अशा एका अरुंद जागी एकवटतो आणि दगड तेथे तडकतो. कापडाचे अनेक थर असले म्हणजे तोच जोर मोठ्या क्षेत्रावर पसरतो, शिवाय थर दबता दबता धक्क्यास लागणारा वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की क्षणाचा दाब उतरतो. पालखीच्या दांड्यास सहस्र हात लागलेले, पायाखाली कुंकवाचा चिखल, अशा स्थितीत पाषाण सुखरूप परत येतो त्यात या वस्त्रांचा वाटा मोठा आहे.

पलंग कोठला, पालखी कोठली

ज्या पलंगावर देवी निजते तो तुळजापुरात होत नाही. तो पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून निघतो आणि जुन्नर-नगरच्या वाटेने गावोगावचे स्वागत घेत येतो. सीमोल्लंघनाची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. तिचा मान तेथील तेली समाजातील भगत घराण्याकडे आहे. आश्विनी पौर्णिमेस सोलापूरच्या शिवलाड तेली समाजाच्या मानाच्या काठ्या येतात. खुद्द देवळात भोपे पुजारी, पाळीकर पुजारी, उपाध्ये आणि मठांचे महंत यांची कामे वाटलेली आहेत. पहाटेचे चरणतीर्थ आणि रात्रीची प्रक्षाळपूजा यांत महंतांचा अधिकार, अभिषेकात पुजाऱ्यांचा. पाळीकर हे नावच सांगते की सेवा पाळीपाळीने फिरते.

हा पसारा प्रथमदर्शनी उगाच गुंतागुंतीचा भासतो. पलंग तुळजापूरचा सुतार करू शकला नसता काय? अर्थातच शकला असता. परंतु वस्तू दोन-तीनशे किलोमीटरांवरून येते तेव्हा वाटेवरचे प्रत्येक गाव त्या निद्रेचे भागीदार होते, आणि कोणा एका गावाच्या किंवा घराण्याच्या हाती सारा विधी राहत नाही. वतनदारीच्या काळात हक्क टिकविण्याचा हाच मार्ग होता: काम लहान असले तरी चालेल, पण त्याची वहिवाट अखंड हवी.

ही वहिवाट राजसत्तेच्या सीमांनाही पुरून उरली. १९४८ सालच्या पोलीस कारवाईपर्यंत तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. नगर, पुणे आणि सोलापूर इंग्रजी अमलात. म्हणजे देवीचा पलंग दरसाल एका सरकारच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जात असे. होटगी इंग्रजी मुलखात, शेजारचे अक्कलकोट संस्थानात. तेव्हा अक्कलकोटाकडून होटगीवरून पायी येणारा भाविक दोन-तीन दिवसांत तीन अंमल ओलांडीत असे. निजामी राजवटीने १९०९ साली देवस्थानाच्या व्यवहारासाठी ‘देऊळ-ए-कवायत’ नावाची नियमावली घातली, आणि पुढील काळात देवस्थानाच्या कारभारावर तिचा ठसा दीर्घकाळ राहिला. आज जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आहे आणि मंदिर संस्थानाच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात.

दरीतले देऊळ

सोलापूरहून निघालेला रस्ता बालाघाटाच्या पठारावर चढतो; तुळजापूर सोलापूरपेक्षा दीड-दोनशे मीटर उंच आहे. गाव डोंगरावर असूनही देऊळ मात्र पायऱ्या उतरून गाठावे लागते, कारण ते यमुनाचलाच्या कुशीतील दरीत आहे. डोंगरावरच्या देवतेकडे उतरत जावे ही विसंगती पाण्यामुळे घडली असावी. हा सारा मुलूख लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. वरच्या भेगाळ, सच्छिद्र थरातून पावसाचे पाणी झिरपते, खालचा घट्ट थर लागला की आडवे वाहते, आणि डोंगराची कूस जेथे कापली गेली असेल तेथे झरा होऊन बाहेर पडते. अशा खोलगट जागी बारमाही पाणी सापडते. तुळजापुरास गोमुख तीर्थ आणि कल्लोळ तीर्थ ही दोन्ही पायऱ्यांच्या वाटेवर, देवीच्या आधी भेटतात. स्नान करून निंबाळकर दरवाजातून आत गेले की होमकुंड, सभामंडप आणि गाभारा.

प्राकारात चिंतामणी नावाचा एक वाटोळा दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरावयाचा. दगड एका बाजूस फिरला तर होकार, दुसऱ्या बाजूस फिरला तर नकार. तेथे फसवणूक मुळीच नाही, आणि तरीही दगड फिरतो. मनातील तीव्र अपेक्षा आपल्या नकळत हाताच्या स्नायूंत सूक्ष्म हालचाल उत्पन्न करते. वाटोळ्या, गुळगुळीत दगडास तेवढी पुरते. १८५३ साली मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये प्रेतात्म्यांनी टेबल फिरते असे मानणाऱ्या सज्जनांवर प्रयोग करून हेच दाखविले: टेबलास हातच ढकलीत होते, आणि हातांच्या मालकांस त्याची वार्ता नव्हती. म्हणून चिंतामणीचे उत्तर खोटे असे मानण्याचे कारण नाही. विचारणाऱ्याचा कल कोणीकडे आहे ते तो बिनचूक सांगतो.

पौर्णिमेस पोहोचावयाचे ते का

आता मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. श्रम निद्रा एकादशीस सुरू होते आणि पौर्णिमेच्या पहाटे संपते. भाविक निजलेल्या देवीकडे जातात असे दिसते खरे, पण त्यांचा हिशेब जागृतीच्या पहाटेचा असतो. मधले चार-पाच दिवस हा चालण्यासाठी मिळालेला अवधी आहे. सोलापूरचा माणूस एका रात्रीत पोहोचतो, होटगीच्या माणसास दोन रात्री लागतात, भीमेपलीकडच्यास आणखी काही. दसऱ्यापर्यंत प्रत्येक जण आपल्या घटाशी आणि गावदेवीशी बांधलेला असतो. सोलापूरकर रूपाभवानीच्या देवळात गर्दी करतात. घट उठल्यावर पाय मोकळे होतात.

चंद्रही याच वेळी साह्यास येतो. पौर्णिमेस तो सूर्याच्या बरोबर समोर असल्यामुळे सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो, म्हणजे सारी रात्र उजेड मिळतो; एकादशी-द्वादशीसही उत्तररात्रीपर्यंत वाट दिसते. आश्विनातील दुपार सोलापूरकडे अजून पोळणारी असते, पण आकाश निवळलेले असते आणि रात्री सुखद असतात. अनवाणी चालणाऱ्यास डांबरी रस्ता रात्रीच सोसवतो. शेताचे म्हणाल तर रब्बीच्या ज्वारीची पेरणी या सुमारास उरकत आलेली असते, आणि कुणबी माणसास दोन-तीन दिवस घर सोडता येते. श्रम निद्रेची मुदत जरा अलीकडे-पलीकडे असती, तर आश्विनी यात्रेस एवढी माणसे पायी आली असती की नाही, याची शंका वाटते.

पौर्णिमेस मूर्ती सिंहासनावर आल्यावर थांबलेले अभिषेक पुन्हा सुरू होतात, काठ्या आणि छबिना निघतो, संबळ वाजतो, परड्या भरल्या जातात. होटगीहून ज्यांना केवळ निवांत दर्शन हवे असेल त्यांनी ही पौर्णिमा, तसेच मंगळवार आणि शुक्रवार टाळून सोलापूरच्या स्थानकावरून एस. टी.ने जावे, ज्यांना पहुडलेली देवी पाहावयाची असेल त्यांनी भाद्रपद वद्य पक्ष उत्तम समजावा, कारण तेव्हा गर्दी त्या मानाने कमी असते. मात्र निघण्यापूर्वी पंचांग उघडून अष्टमी सूर्योदयास आहे की नाही एवढे पाहून घ्यावे, नाहीतर एक दिवस अगोदर पोहोचून उभ्या मूर्तीचेच दर्शन घडावयाचे.